दह्याची वाटी, पाकिटातले जंतू आणि घरातली जच्चा

(हिंगोली येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला तेव्हा संयोजक म्हणाले, ‘आपा, गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या प्रोबायोटिकवर बोला, पण समोर मुलंही असतील, जरा सांभाळून.’ मी म्हटलं, मुलं असतील म्हणूनच तर बोलते. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी घेऊन येतो कोण? नवरा येतो, दीर येतो, भाऊ येतो. जिच्या पोटात ते औषध जाणार आहे ती क्वचितच येते. पैसे कोणाच्या खिशातून जातात, घरात दही कोण आणतं, जच्चाच्या ताटात काय वाढायचं हे कोण ठरवतं, या सगळ्यांत मुलग्यांचा हात आहे. तेव्हा लाजू नका, पुढे सरकून बसा.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. म्हणून कोणी कुठली गोळी घ्यावी हे मी इथून सांगणार नाही. पण माझ्या काउंटरवरून जे विकलं जातं त्याबद्दल काय माहिती उपलब्ध आहे, ते सांगणं माझं काम आहे. गेल्या काही वर्षांत गरोदर बाईच्या चिठ्ठीवर लोह, कॅल्शियम यांच्या खाली आणखी एक ओळ दिसायला लागली: प्रोबायोटिक. कधी कॅप्सूल, कधी पुडी, कधी प्यायची छोटी बाटली. चिठ्ठी नसली तरी लोक मागतात, मोबाइलवर बघून मागतात. ‘पोट साफ राहतं’, ‘शुगर होत नाही’, ‘बाळाची इम्युनिटी वाढते’ असं ऐकून येतात.

आधी शब्द समजून घेऊ. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी मिळून व्याख्या केली. प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत सूक्ष्म जीव, जे पुरेशा प्रमाणात घेतले तर घेणाऱ्याच्या प्रकृतीला फायदा होतो. यातले तीन शब्द लक्षात ठेवा. जिवंत, पुरेसे, फायदा. मेलेले असतील तर नाही. थोडे असतील तर नाही. आणि फायदा तपासून सिद्ध झालेला नसेल तरीही नाही. या तिन्ही चाळण्या लावल्या की बाजारातली बरीच पाकिटं वरच राहतात.

आता चौथी गोष्ट, आणि ही हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. तुम्ही हळदीच्या मुलखातले. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोंढ्यावर कोणी ‘हळद आहे’ एवढंच सांगितलं तर तुम्ही भाव लावाल का? सेलम आहे की फुले स्वरूपा, कुरकुमीन किती, ओल किती, सगळं विचाराल. जंतूंचंही तसंच आहे. लॅक्टोबॅसिलस हे झालं घराणं. त्यात ऱ्हॅम्नोसस ही एक जात. आणि त्या जातीतही वाण असतात, त्यांना नंबर असतात. संशोधन होतं ते वाणावर. एका वाणाने गुण दिला म्हणून त्याच घराण्यातल्या दुसऱ्याने द्यावा असं काही नाही. पाकिटावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असेल आणि वाण लिहिलेला नसेल, तर ते ‘हळद आहे’ असं म्हणण्यासारखंच.

आपल्या देशात याचे नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढे 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आले. प्रोबायोटिक म्हणून विकायच्या खाद्यपदार्थात दिवसाच्या मात्रेत निदान 10 कोटी जिवंत जंतू असले पाहिजेत. ‘जिवंत’वर पुन्हा जोर देते. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते मी सांगायला नको. माल एसटीच्या टपावरून येतो, दुपारभर खोक्यात पडतो, मग दुकानाच्या फळीवर बसतो. ‘थंड जागी ठेवा’ असं छापलेलं असतं, फ्रिज चालू असतो की वीज गेलेली असते हे पाकिटाला कोण विचारणार? काही जंतू बीजाणू करून राहतात, त्यांना उष्णता सोसते. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम हे बिचारे नाजूक. म्हणून घ्यायचंच ठरलं तर दुकानदाराला विचारा, ‘हे फ्रिजमधलं आहे का?’ माझ्यासारख्या दुकानदाराला असा प्रश्न आवडत नाही, तरीही विचारा.

आता मुख्य प्रश्न. गरोदर बाईला याचा उपयोग होतो का?

सगळ्यात जास्त ऐकू येणारा दावा मधुमेहाचा. गरोदरपणात होणारा मधुमेह हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे, त्यात शंका नाही. प्रोबायोटिकने तो टळतो का, हे बघायला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये वजन जास्त असलेल्या 411 गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. 2019 मध्ये निकाल आला: टळला नाही. मग 2021 मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा सात चाचण्या एकत्र करून पाहिल्या, मिळून 1647 स्त्रिया. कोक्रेनचं कामच हे, जगभरातल्या चाचण्या गोळा करून त्यांचा ताळेबंद मांडणं. मधुमेह टळतो असं ठामपणे म्हणता आलं नाही. उलट एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्या चार चाचण्यांत बीपीची नोंद होती, तिथल्या 955 स्त्रियांमध्ये प्रोबायोटिक घेणाऱ्यांना प्री-एक्लॅम्पसिया जास्त झाला. प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी चढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, वेळीच उपचार झाला नाही तर झटके येतात. आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा आजार.

याचा अर्थ प्रोबायोटिक हे विष आहे असा घेऊ नका. त्या स्त्रियांत वजन जास्त असलेल्या बऱ्याच होत्या, आणि त्या आपल्या भागातल्या नव्हत्या. पण ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य यापुढे कोणी म्हटलं तर 955 हा आकडा आठवा. ज्या बाईचा बीपी आधीच वरखाली होतोय, जिचं वजन जास्त आहे, जिला आधीच्या बाळंतपणात झटके आले होते, तिने डॉक्टरला न विचारता मेडिकलवरून प्रोबायोटिक आणून खाऊ नये. इतकं तर मी काउंटरवर उभी राहूनही सांगते, आणि त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

दुसरा दावा बाळाच्या ॲलर्जीचा, म्हणजे त्वचेवर खाज, चट्टे येणाऱ्या एक्झिमाचा. इथे मात्र थोडं तथ्य आहे. फिनलंडमध्ये ॲलर्जी असलेल्या घरांतल्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आई किंवा बाळाला लॅक्टोबॅसिलसचा एक ठरावीक वाण दिला. 2001 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन वर्षांच्या वयात एक्झिमा निम्म्याने कमी, 46 टक्क्यांच्या जागी 23 टक्के. 2015 मध्ये जागतिक ॲलर्जी संघटनेने, जिच्या बाळाला ॲलर्जीचा धोका जास्त आहे अशा आईने प्रोबायोटिक घेण्याचा विचार करावा असं सुचवलं. पण त्यातच लिहिलं की पुरावा फार कमकुवत आहे. म्हणजे घरात दमा, एक्झिमा असेल तर डॉक्टरशी बोलण्यासारखा विषय आहे. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

तिसरी गोष्ट बाळंतपणानंतरच्या उदासीची. यावर आपल्या समाजात कोणी बोलत नाही, म्हणून मी दोन मिनिटं जास्त घेते. बाळ झाल्यावर बाई रडते, झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तर घरचे म्हणतात ‘नजर लगी’, ‘नखरे करती’. न्यूझीलंडमध्ये 423 स्त्रियांवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये ती छापून आली. एक्झिमासाठी आखलेल्या त्या चाचणीत असं दिसलं की प्रोबायोटिक घेतलेल्या मातांनी उदासी आणि चिंता कमी असल्याचं सांगितलं. वाचून मलाही बरं वाटलं. पण एका चाचणीवर, तेही दुय्यम निष्कर्षावर, कोणाचं मन सोपवू नये. बाळंतीण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास असेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार बोलून दाखवत असेल, तर पुडी आणायला धावू नका. तिला दवाखान्यात न्या. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा.

आणि चौथी, स्तनाला गाठ येऊन सूज आणि ताप येण्याची. यासाठी दूध पाजणाऱ्या आयांना प्रोबायोटिक विकलं जातं. कोक्रेनने 2020 मध्ये याही चाचण्या तपासल्या. थोडा फायदा होत असावा, पण खात्री कमी, असं त्यांनी लिहिलं. त्या अहवालातलं एक वाक्य मला अजून खटकतं. या विषयावरची सगळ्यात मोठी चाचणी झाली, पण तिचे निकाल मिळू शकले नाहीत, कारण प्रोबायोटिक पुरवणारी कंपनी आणि संशोधक यांच्यात तसा करार होता. विचार करा. शेकडो बायकांनी त्या चाचणीसाठी आपलं शरीर दिलं आणि निकाल कपाटात बंद. अशा मालाची जाहिरात बघताना हे लक्षात असू द्या.

आता बाळाकडे येते. इथे आपल्या देशाने जगाला दाखवलेलं काम आहे. ओडिशात डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 149 गावांतल्या 4556 नवजात बाळांवर चाचणी केली. पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची, दोन किलो किंवा त्यापेक्षा जास्त वजनाची, आईचं दूध पिणारी बाळं. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण आणि त्या जंतूंचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर एकत्र दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ पुडी. 60 दिवस लक्ष ठेवलं. रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू, हे दिखाऊ पुडी मिळालेल्यांत 9 टक्के आणि खरी पुडी मिळालेल्यांत 5.4 टक्के. 2017 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि जगभर चर्चा झाली. आपल्या महाराष्ट्रातही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने कमी वजनाच्या बाळांसाठी अनेक ठिकाणी मिळून अशी मोठी चाचणी हाती घेतली गेली. म्हणजे विषय खोटा नाही. काम चालू आहे, आणि ते आपल्यासारख्या गावांमधून चालू आहे.

पण ओडिशातला वाण तोच, मात्रा तीच, बाळं पूर्ण दिवसांची आणि आईच्या दुधावरची. ते वाचून कोणी मोठ्या माणसाची कॅप्सूल फोडून सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या तोंडात टाकली तर? 2023 मध्ये अमेरिकेत असं घडलं की एक किलोपेक्षाही कमी वजनाच्या बाळाला दवाखान्यात प्रोबायोटिक दिलं आणि त्याच जंतूचा संसर्ग रक्तात होऊन ते बाळ दगावलं. तिथल्या औषध प्रशासनाने सगळ्या दवाखान्यांना इशारा पाठवला. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये म्हटलं आहे की आईच्या दुधावर असलेल्या, 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा निर्णय एसएनसीयूच्या डॉक्टरचा. सासूचा नाही, शेजारणीचा नाही, माझाही नाही.

सिझेरियनबद्दल बऱ्याच जणी विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. ‘आपा, सिझर झालं, आता बाळाच्या पोटात चांगले जंतू जाणार नाहीत का?’ इंग्लंडमध्ये 596 बाळांच्या शीचा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापला गेला. सिझेरियनच्या बाळांमध्ये आईकडून येणारे जंतू सुरुवातीला कमी आणि दवाखान्यातले जास्त, हे खरं निघालं. पण बाळ सहा-नऊ महिन्यांचं होईपर्यंत तो फरक बराचसा बुजलाही. तेव्हा ज्या पोरीचं सिझर झालं तिच्या डोक्यात अपराधाची भावना भरू नका. तिला टाके आहेत, तेवढं पुरे आहे.

आईच्या दुधात साखरेचे असे कितीतरी प्रकार असतात जे बाळाला स्वतःला पचत नाहीत. मग ते असतात कशासाठी? बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियमसाठी. आईचं दूध बाळासोबत बाळाच्या जंतूंनाही जेवू घालतं. कुठल्याच कंपनीला अजून हे जसंच्या तसं पाकिटात भरता आलेलं नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात जन्मानंतर पहिल्या तासात दूध मिळालेली बाळं 53.2 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या बाळांना तो पहिला तास मिळत नाही. काही घरांत पहिलं पिवळसर, चिकट दूध अजूनही ‘खराब’ म्हणून पिळून टाकतात. हजार रुपयांची पुडी मागायच्या आधी हे फुकटचं दूध बाळाच्या तोंडात गेलं का, हे बघा.

इथे तहनीकचा विषय निघतो, आणि तो टाळून चालणार नाही. खजूर चावून बाळाच्या टाळूला लावणं ही सुन्नत आहे, फर्ज नाही. आपल्याकडे खजुराच्या जागी मध आणि घुट्टी आली. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात वाढून लकवा आणणारं विष तयार करतात. म्हणून बाळाला मध नको, वर्षभर अजिबात नको. घुट्टीचंही तेच, त्यात काय मिसळलंय कोणाला ठाऊक. तहनीक करायचीच असेल तर स्वच्छ हाताने खजुराचं नुसतं बोट टेकवा, आणि ज्याला खोकला, क्षय किंवा तोंडात जखम आहे अशा माणसाच्या तोंडून चावलेलं नको. त्यासाठी मामू नांदेडहून यायची वाट बघत दूध पाजायचं थांबवू नका. आणि सूरह मरियम आठवा. बाळंतपणाच्या कळांमध्ये मरियमला खजूर आणि पाणी मिळतं. ते खजूर कोणासाठी होते? आईसाठी. आपल्या घरात मात्र बाळासाठी खजूर शोधायला पाच जण धावतात आणि जच्चा उपाशी पडलेली असते. आणि सूरह बकरामध्ये दोन वर्षं दूध पाजण्याचा जिथे उल्लेख आहे, तिथेच त्या आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा फार कोणाला नाही.

आता दही. आमच्या गिऱ्हाइकांमध्ये एक गंमत दिसते. नवरा प्रोबायोटिकची पंधरा दिवसांची पाकिटं घेऊन जातो, आणि घरी त्याच बाईला चिल्ला होईपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, दही बंद. ‘जच्चा को दही? बच्चे को सर्दी होती ना!’ हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही हेच, शब्द फक्त मराठी. आईने खाल्लेलं दही थंड म्हणून तिचं दूध थंड होत नाही. दूध शरीराच्या उबेतच तयार होतं. बाळाला सर्दी होते ती माणसांच्या हातांमधून, शिंकांमधून, खोलीतल्या चुलीच्या धुरातून. छटीला पन्नास पाहुणे येऊन बाळाचे मुके घेतात, त्याची भीती नाही वाटत, दह्याची वाटते.

मात्र दही म्हणजे प्रोबायोटिक नव्हे, हेही सांगते. घरच्या विरजणात कुठले वाण आहेत, किती आहेत, हे कोणी मोजलेलं नसतं. त्यामुळे दह्याने अमुक आजार टळतो असं मी म्हणणार नाही. पण दही हे चांगलं अन्न आहे. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, बी-12 आहे, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही बहुधा सोसतं. दूध नीट उकळून लावलेलं, झाकलेलं, ताजं दही घ्या. कच्च्या दुधाचं गरोदर बाईने काहीही खाऊ नये. गावाकडे गोठ्यातून थेट दूध पिण्याची हौस असते, त्यातून ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया असे आजार येतात आणि गर्भाला इजा होते. बुरशी धरलेलं दही फेकून द्या. ज्वारीची आंबील आपल्या मराठवाड्याची. शिजवल्यावर त्यातले जंतू मरतात, म्हणून तिला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही, पण उलट्या होणाऱ्या बाईला दोन घास जातील असं ते हलकं खाणं आहे. हरीरा, डिंकाचे लाडू खाऊ द्या, पण त्यांच्या बरोबर डाळ, अंडी, भाजी, मटणाचा रस्सा, दहीही येऊ द्या.

पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक छोटा पण मला फार आवडलेला अभ्यास छापला होता. एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या दोन एकत्र कुटुंबांच्या पोटातले जंतू त्यांनी तपासले. एकच चूल, एकच घर, तरी वयाप्रमाणे जंतूंची वस्ती बदलत गेलेली. आपल्या पोटांचा अभ्यास आपल्या माणसांनी करायला हवा, युरोपातल्या बाईचं औषध कळमनुरीच्या बाईला जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालता येत नाही. तुमच्यापैकी जे विज्ञान शिकताहेत, त्यांच्यासाठी ही जागा मोकळी आहे. हिंगोलीत आता सरकारी मेडिकल कॉलेजही आलं आहे.

पैशाचं बोलते. मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? प्रोबायोटिकची चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला मी विचारते, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? उत्तर येतं, ‘सरकारी लाल गोळ्या दिल्या होत्या, त्याने संडास घट्ट होते, म्हणून सोडल्या.’ देशात गरोदर स्त्रियांपैकी 52.2 टक्के रक्तक्षयाच्या, हा त्याच सर्वेक्षणाचा आकडा. त्या फुकटच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची. बाळंतपणात रक्त गेलं तर बाई तग धरेल की नाही हे बऱ्याचदा त्या गोळीवर ठरतं. बद्धकोष्ठ होतं, मान्य. पाणी वाढवा, पालेभाजी, पेरू, सालासकट डाळी खा, जेवणानंतर रात्री गोळी घेऊन बघा, तरी त्रास राहिला तर डॉक्टर प्रकार बदलून देतील. पण लोह सोडायचं आणि पोट साफ राहावं म्हणून प्रोबायोटिक विकत घ्यायचं, हा उलटा व्यवहार आहे.

सिझरनंतर अँटिबायोटिकने जुलाब लागले, तर काही प्रोबायोटिकचा उपयोग होतो असा बऱ्यापैकी पुरावा आहे. तिथे डॉक्टरने लिहिलं तर जरूर घ्या, आणि अँटिबायोटिकच्या गोळीपासून दोन-तीन तासांच्या अंतराने घ्या. जिची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, जी आयसीयूत आहे, तिला घरच्या मनाने काही देऊ नका.

आणि बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवायचं म्हणाल, तर आपल्याच राज्यातलं गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळ उबदार ठेवणं, दूध पाजणं, श्वास मोजणं, संसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करणं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आज आशाताई घरी येते ती त्याच कामातून. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिच्या सहा भेटी असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आपल्या काही मोहल्ल्यांत तिला दारातूनच परत पाठवतात, ‘चिल्ला है, अंदर मत आओ.’ मुलांनो, हे काम तुमचं. तिला आत बोलवा, बसायला पाट द्या, बाळाचं वजन करू द्या.

प्रश्न विचारलात म्हणून हेही सांगते: कॅप्सूल हलाल आहे का? बऱ्याच कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं असतं आणि ते जनावरांपासून येतं. पुडी किंवा बाटली घेतली तर टरफलाचा प्रश्नच राहत नाही. वनस्पतीच्या टरफलाच्याही कॅप्सूल मिळतात. खाद्यपूरक म्हणून विकलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, तो बघा. जिवावरचं औषध असेल तर आलिमला आणि डॉक्टरला दोघांना विचारा, पण औषध थांबवून विचारू नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. बीपी, रक्त, साखर, सगळं. प्रोबायोटिक घ्यायचं का हा प्रश्न तिथे विचारा, आणि नवऱ्यांनी बाहेर टपरीवर न थांबता आत जाऊन विचारा.

चहा आलाय असं दिसतंय. ज्यांच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गोळीच्या मागेपुढे एक-दोन तास चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. दही आणि कॅल्शियमची गोळीही त्या वेळी नको. बाकीच्यांनी घ्या, गार होईल.